गरोदरपणातला मलेरिया आणि वार: पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गरोदर बाईला ताप आला की घरातल्यांच्या तोंडी पहिलं नाव डेंगीचं येतं, आणि २०२४ च्या पावसाळ्यापासून दुसरं झिकाचं. मलेरिया पार मागे पडतो. मग एखाद्या रिपोर्टवर ‘व्हायवॅक्स पॉझिटिव्ह’ असं छापून येतं (व्हायवॅक्स ही मलेरियाच्या परजीवीची एक जात), नवरा रात्री मोबाइल घेऊन शोधायला बसतो, आणि वार निकामी होते, बाळ दगावतं असं काहीबाही वाचून सगळं घर जागं राहतं. त्यातलं बरंचसं लिखाण आफ्रिकेतल्या परिस्थितीवरचं असतं. ते खोटं नाही, पण कोथरूडच्या किंवा हडपसरच्या बाईला जसंच्या तसं लागूही होत नाही. काय लागू होतं आणि काय नाही, एवढं या प्रश्नोत्तरांत सांगितलं आहे. गोळ्या कुठल्या आणि किती, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

मलेरिया रक्तात होतो. मग वारेचा संबंध कुठे येतो?

वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला धरून वाढते. दिवस भरत येतात तेव्हा तिचं वजन साधारण अर्धा किलो असतं. तिच्यात बाळाच्या बाजूने निघालेले असंख्य बारीक तंतू आईच्या रक्तात बुडालेले असतात, विहिरीत उतरलेल्या वडाच्या मुळ्यांसारखे. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं त्या तंतूंच्या पातळ आवरणातून पलीकडे जातात. शेवटच्या महिन्यांत आईचं अर्धा लिटरहून जास्त रक्त दर मिनिटाला या बाजूने वाहत असतं.

आता मलेरियाचा परजीवी. तो तांबड्या पेशीत राहतो. त्यातल्या फाल्सिपॅरम या जातीची एक खोड आहे. पेशीत वाढून मोठा झाला की तो रक्ताबरोबर फिरत राहत नाही, कारण प्लीहेत गेला तर मारला जाईल. म्हणून तो पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं आणतो आणि ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते. अशी प्रथिनं बनवणारी साधारण ६० जनुकं त्याच्याजवळ असतात आणि तो ती आलटून पालटून वापरतो. वारेतल्या तंतूंच्या आवरणावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा एक पदार्थ असतो. परजीवीच्या चिकट प्रथिनांपैकी व्हीएआर-टू-सीएसए हे प्रथिन नेमकं त्यालाच चिकटतं. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या कामातून १९९६ मध्ये हा पदार्थ दाखवून दिला. प्रथिनाची ओळख २००३ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी पटवली.

म्हणजे बाई गरोदर राहिली की परजीवीला लपायला एक नवी जागा मिळते, जी आधी तिच्या शरीरात नव्हतीच.

चिकटून बसल्यावर वारेचं नेमकं काय बिघडतं?

तंतूंच्या मधल्या पोकळीत बाधित पेशी दाटीवाटीने जमतात. त्यांना संपवायला आईच्या पांढऱ्या पेशी, विशेषतः मोनोसाइट, धावून येतात आणि त्याही तिथेच साचतात. परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या लोहाचा काळसर तपकिरी रंगकण टाकतो. तो मोनोसाइटमध्ये आणि फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांच्या, थरांत अडकून राहतो. तंतूंचं आवरण जागोजागी जाड होतं.

पण माझ्या मते खरं नुकसान या गर्दीपेक्षा तिच्यामुळे पेटणाऱ्या दाहाने जास्त होतं. दाह वाढला की साखर आणि अमिनो आम्लं पलीकडे नेणारी यंत्रणा मंदावते, वाढीची संप्रेरकं कमी पडतात. वार जागेवर असते, रक्तही येत असतं, पण बाळापर्यंत पोचतं कमी. त्यातून बाळाची वाढ खुंटते, वजन अडीच किलोच्या खाली राहतं, कधी दिवस भरायच्या आत प्रसूती होते. क्वचित बाळ पोटातच जातं. आईचं हिमोग्लोबिन उतरतं ते वेगळंच.

संसर्ग लवकर सापडला आणि पूर्ण उपचार झाले तर हा दाह ओसरतो. रंगकण मात्र नंतरही बराच काळ वारेत सापडतो. म्हणून ‘वारेत मलेरियाच्या खुणा आहेत’ आणि ‘वारेत मलेरिया आहे’ ही दोन वाक्यं रिपोर्टमध्ये वेगवेगळी वाचायची.

माझ्या रिपोर्टवर व्हायवॅक्स लिहिलंय. वर सांगितलेलं सगळं मलाही होणार का?

बहुतेक नाही. व्हायवॅक्सजवळ ते वारेला चिकटणारं प्रथिन नसतं. वारेत थोड्या बाधित पेशी सापडतात, थोडा दाहही दिसतो, पण फाल्सिपॅरमसारखी गर्दी होत नाही. शिवाय व्हायवॅक्स मुख्यतः कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो, त्यामुळे रक्तात त्याची संख्याही मर्यादित राहते.

तरी त्याला साधा ताप समजू नका. थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवरच्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हायवॅक्स झालेल्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास कमी भरलं होतं, आणि पहिलटकरणींपेक्षा आधी बाळंतपण झालेल्यांत हा फरक जास्त होता. शंभर ग्रॅम म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. तीन किलोच्या बाळाला खरंच काही नाही. पण जे बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर आहे त्याला ते जड जातं.

व्हायवॅक्सच्या दोन गोष्टी जास्त त्रास देतात. एक, रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या बाईला मलेरिया झाला की ते आठवर, सातवर यायला वेळ लागत नाही, आणि मग प्रसूतीतला नेहमीचा रक्तस्रावही झेपत नाही. दुसरी गोष्ट, हा परजीवी यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. त्या झोपलेल्याला मारणारं प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही. त्यामुळे चौथ्या महिन्यात बरा झालेला ताप सातव्यात परत आला तर औषध लागू पडलं नाही असं गृहीत धरू नका. डास पुन्हा चावलेला असेलच असंही नाही.

पहिलटकरणीला धोका जास्त असतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं आहे का?

जिथे मलेरिया बारा महिने असतो तिथे खरं आहे. तिथली बाई लहानपणापासून मलेरिया झेलत आलेली असते, तिच्यात बरीच प्रतिकारशक्ती असते. पण वारेला चिकटणारा प्रकार तिच्या शरीराने पाहिलेला नसतो. पहिल्या गरोदरपणात तो पहिल्यांदा भेटतो, तिसऱ्यापर्यंत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात.

पुण्यात वाढलेल्या बाईला मुळात मलेरियाचीच सवय नसते. म्हणून इथे पहिलं असो की तिसरं, धोका सारखाच धरायचा. ‘माझी आधीची दोन बाळंतपणं नीट झाली’ याचा इथे उपयोग नाही. याची दुसरी बाजू बरी आहे. आफ्रिकेतल्या अनेक जणींना वार परजीवींनी भरलेली असूनही ताप येत नाही. इथे सहसा ताप येतो, थंडी वाजते, डोकं ठणकतं. म्हणजे शरीर आधी सांगतं. ऐकायचं काम आपलं.

पुण्यात मलेरिया उरलाय तरी का?

कमी आहे, पण आहे. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा आणि मुंबईचा. पुण्यात मुख्य त्रास डेंगी आणि चिकुनगुन्याचा. मात्र शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास बंगल्यांवरच्या, सोसायटीच्या टाक्यांत, हौदांत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि पुण्यात या तिन्हींची कमतरता नाही. मुळा-मुठेच्या जलपर्णीतून संध्याकाळी उठणारे ढगभर डास बहुतांशी क्युलेक्स असतात. ते हैराण करतात, मलेरिया देत नाहीत.

फाल्सिपॅरम पुण्यात सापडला तर डॉक्टर आधी विचारतात, कुठे जाऊन आलात? छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, ईशान्येकडची राज्यं, गडचिरोली, किंवा कंपनीच्या कामाने आफ्रिका. बांधकामावर काम करणाऱ्या बायका गावी जाऊन परततात त्यांचंही तेच. हा प्रवास डॉक्टरांनी विचारला नाही तरी आपणहून सांगा. माझ्या मते सगळ्या रिपोर्टांपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची असते.

डेंगीची तपासणी केली, प्लेटलेट कमी आल्या. मग मलेरियाची कशाला?

कारण प्लेटलेट मलेरियातही उतरतात. प्लेटलेट कमी म्हणजे डेंगी, हे समीकरण पुण्यात इतकं पक्कं झालंय की मलेरियाची साधी तपासणी राहून जाते. गरोदर बाईला ताप आला तर पहिल्याच दिवशी दोन्ही करून घ्या. एकाच वेळी दोन्ही आजार असू शकतात.

तपासणी अगदी साधी आहे. बोटातून किंवा शिरेतून रक्त घेऊन काचेवर थर काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, किंवा पट्टीवरची झटपट तपासणी करतात. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत होते. आशाताईंकडेही बहुतेक वेळा पट्टी असते. झिकाची शंका असेल तर नमुना पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातो, पण त्याचा निकाल येईपर्यंत मलेरियाची तपासणी थांबवायचं काही कारण नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी वारेत मलेरिया असू शकतो?

फाल्सिपॅरममध्ये असू शकतो. मोठे झालेले परजीवी वारेत दडलेले असले की हातातून घेतलेल्या रक्तात फार थोडे सापडतात, कधी एकही नाही. म्हणून ताप चालू असेल किंवा मलेरियाच्या भागातून आला असाल, तर एका निगेटिव्हवर विसंबू नका. डॉक्टर पुढच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासायला सांगतील.

उलटही घडतं. फाल्सिपॅरमच्या पट्टीला जे प्रथिन कळतं ते उपचार पूर्ण झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. बऱ्या झाल्यावर कुणी हौसेने पट्टी केली आणि पॉझिटिव्ह आली, तर घाबरू नका. काचेवरच्या रक्तात परजीवी दिसतो का, ते पाहायचं.

सोनोग्राफीत वारेतला मलेरिया दिसतो का?

नाही. बाळाची वाढ, पाणी, डॉपलरवरचा रक्तप्रवाह दिसतो, म्हणजे परिणाम दिसतात. मलेरिया होऊन गेल्यावर वाढीची सोनोग्राफी नेहमीपेक्षा लवकर किंवा जास्त वेळा सांगितली तर ती यासाठीच असते.

पहिल्या तीन महिन्यांत वार पुरती तयार नसते. मग तेव्हा धोका कमी?

वारेत आईच्या रक्ताचा प्रवाह साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यानंतर नीट सुरू होतो, हे खरं. पण त्याआधीच्या मलेरियाने गर्भपात होऊ शकतो. तीव्र ताप आणि रक्तक्षय हे वारेशिवायही नुकसान करतात. तेव्हा ‘अजून लवकर आहे’ म्हणून थांबू नका.

एवढी कडक औषधं बाळाला बाधणार नाहीत का?

हा प्रश्न सासूबाई विचारतात, आई विचारते, आणि खरं तर पेशंट स्वतः मनात विचारत असते. उत्तर सरळ आहे: बाळाला औषधापेक्षा उपचार न केलेल्या मलेरियाचा धोका कितीतरी जास्त आहे.

व्हायवॅक्ससाठी तीन दिवसांचं क्लोरोक्विन गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात देता येतं. अनेक दशकांचा अनुभव त्यामागे आहे. पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टर प्रसूतीपर्यंत आठवड्याला एकदा क्लोरोक्विन चालू ठेवायचाही विचार करतात. फाल्सिपॅरमसाठी चौथ्या महिन्यापासून आर्टेमिसिनिनवर आधारलेली जोडऔषधं देतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी भारतात बरीच वर्षं क्विनीन दिलं जात आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन द्यावं अशी शिफारस केली. क्विनीन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणू नका, लगेच साखर तपासा. गंभीर मलेरियात आर्टेसुनेटचं इंजेक्शन कुठल्याही महिन्यात देतात, तिथे मागेपुढे पाहत नाहीत.

गरोदरपणात टाळायची ती प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन आणि डॉक्सिसायक्लिन. घरात कुणाला आधी मलेरिया झाला होता आणि त्याच्या गोळ्या उरल्यात, तर त्या घेऊ नका. त्यात प्रायमाक्विन असायची दाट शक्यता असते. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन नको.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या डब्यात ठेवणारे घरोघरी आहेत. कोर्स पूर्ण करा.

गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस?

दोन्हींनी मलेरिया बरा होत नाही. गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी केल्या आहेत. मलेरियात यकृतावर आधीच ताण असतो. घरच्यांचं मन राखायचं असेल तर साधं वरणभात, ताक, नारळपाणी द्या.

बाळाला जन्मतःच मलेरिया होतो का? अंगावर पाजायचं का?

पाजा. दुधातून मलेरिया जात नाही.

वारेतून बाळात संसर्ग गेल्याचं आढळतं, पण ते विरळा. प्रसूतीच्या आसपास आईला मलेरिया असेल तर बाळावर पहिला महिनाभर लक्ष ठेवा. ताप, दूध न ओढणं, फिकटपणा, कावीळ, सारखी किरकिर ही लक्षणं बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतात, म्हणजे दवाखान्यातून घरी आल्यावर, बारशाच्या गडबडीत. बालरोगतज्ज्ञांना आईच्या मलेरियाबद्दल सांगून ठेवा, नाहीतर त्यांच्या ते डोक्यातही येणार नाही. संसर्ग व्हायवॅक्सचा असेल तर एक दिलासा असा की बाळाला तो वारेतून मिळालेला असतो, डासाकडून नाही. त्यामुळे त्याच्या यकृतात झोपलेले परजीवी नसतात आणि त्याला प्रायमाक्विन लागत नाही.

प्रसूतीनंतर वार तपासायला द्यावी का?

वारेतल्या मलेरियाचं पक्कं निदान तिथेच होतं, पण प्रसूती होऊन गेल्यावर. म्हणून उपचार ठरवायला तिचा उपयोग नाही. तरी गरोदरपणात फाल्सिपॅरम झाला असेल, बाळ अपेक्षेपेक्षा बरंच लहान असेल किंवा मृत जन्मलं असेल, तर मी ती तपासावी असं म्हणेन. कारण कळलं की बाईच्या डोक्यातलं ‘माझंच काही चुकलं’ हे ओझं थोडं उतरतं. मात्र हे आधी सांगावं लागतं. वार फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीकडे पाठवायची असते. एकदा जैविक कचऱ्यात गेली की गेली.

सातव्या महिन्यात माहेरी जायचंय, आणि माहेर गडचिरोलीकडे आहे.

शक्य असेल तर बाळंतपण पुण्यात करा आणि आईलाच इकडे बोलवा. अशा भागात गरज नसताना गरोदर बाईने जाऊ नये, असाच सर्वसाधारण सल्ला आहे. जायचंच असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळ्या सगळ्यांना सारख्या चालत नाहीत. तिथे औषध लावलेली मच्छरदाणी अंधार पडल्यापासून वापरा, कारण अ‍ॅनोफिलीस रात्रीचा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. अंगाला लावायचं डास प्रतिबंधक मलम गरोदरपणात चालतं, डबीवरच्या सूचनेप्रमाणे. परत आल्यावर काही महिने कुठलाही ताप आला तरी तपासणी करायचीच.

आफ्रिकेत गरोदर बायकांना मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या देतात. आपल्याकडे का नाही?

तिथे चौथ्या महिन्यापासून, किमान महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन देतात. ज्या भागात संसर्गाचं प्रमाण खूप असतं तिथे त्याचा फायदा होतो. पुण्यासारख्या ठिकाणी हजारो निरोगी बायकांना गोळ्या देण्यापेक्षा ताप आलेल्या प्रत्येकीला तपासणं शहाणपणाचं आहे. कुणी नातेवाइकाने परदेशातून अशा गोळ्या आणल्या असतील तर घेऊ नका.

मलेरियाची लस तर पुण्यातच बनते ना? मला मिळेल?

आर-ट्वेंटीवन ही लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, खरं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ती मलेरियाग्रस्त भागातल्या लहान मुलांसाठी आहे, आणि यकृतात शिरणाऱ्या अवस्थेविरुद्ध काम करते. वारेला चिकटणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या दोन वेगळ्या लसींच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. दवाखान्यात मिळेल अशी त्यातली एकही नाही.

सोसायटीत काय करायचं?

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, तेवढ्यात साठलेलं पाणी काढून टाकलं की साखळी तुटते. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का, ते सेक्रेटरींनी वर चढून बघावं. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून कळत नाही. शेजारच्या बांधकामावर पाणी साचलं असेल तर महापालिकेकडे तक्रार करता येते. वापरात नसलेल्या हौदात गप्पी मासे सोडा. धुराच्या फवारणीने रहिवाशांचं समाधान होतं, टाकीतल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

गुंगी किंवा बडबड, झटके, धाप, डोळे पिवळे होणं, लघवी फार कमी किंवा गडद होणं, उलटीमुळे गोळी न टिकणं, अंगावरून रक्त जाणं, पोटात कळा, बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. रक्त आणि अतिदक्षता विभाग दोन्ही असलेलं रुग्णालय बघा. छोट्या प्रसूतिगृहात नेऊन तिथून पुन्हा हलवण्यात वेळ जातो.

मलेरिया बरा झाला, बाळंतपणही झालं. आता काही राहिलंय का?

व्हायवॅक्स झाला असेल तर हो. गरोदरपणात न दिलेलं प्रायमाक्विन अजून बाकी आहे, आणि बाळंतपणाच्या धांदलीत ते हमखास विसरलं जातं. ते देण्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी करतात, कारण जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. अंगावर पाजत असाल तर बाळाचं वय आणि बाळाची जी-सिक्स-पीडी तपासणीही विचारात घेऊन डॉक्टर वेळ ठरवतात. मलेरियाच्या रिपोर्टची एक प्रत बाळाच्या लसीकरण कार्डातच ठेवा. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा ती हाताशी येईल आणि विचारायची आठवण होईल.